एका गाळ्यात तीन धंदे

"सरकारला असा घडी घालून कपाटात ठेवतो, बघच तू!" लाँड्रीवाला बायकोला म्हणाला.

सरकारच्या मनात किमान वेतन वाढवायचं आलं होतं. त्याआधी धंदेवाल्यांना विचारायचं म्हणून दुकानोदुकानी फॉर्म आले. एका धंद्याला एक मत. लाँड्रीत नोकर दोनच, इस्त्रीवाली मावशी आणि कपडे पोचवणारा मेहुणा. पण त्या दोघांचा पगार वाढणार या विचारानंच लाँड्रीवाल्याला घाम फुटला होता.

त्यानं फॉर्मच्या झेरॉक्स काढल्या. धुलाई हा एक धंदा, मालक स्वतः. इस्त्री हा दुसरा, मालकीण मावशी. पोचवणं तिसरा, मालक मेहुणा. तिन्हींवर एकच उत्तर: वाढ नको, मरू आम्ही!

"मी मालकीण?" मावशीनं इस्त्री उभी केली.

"कागदावर हो! करा सही."

मावशीनं इतक्या ऐटीत सही केली, की फॉर्म फाटायचाच बाकी राहिला.

आठवड्यानं कामगार खात्याच्या बाई दारात हजर! "एका गाळ्यात तीन धंदे? म्हटलं, समक्षच बोलावं."

लाँड्रीवाल्याचा चेहरा न पिळलेल्या टॉवेलसारखा लोंबला. "मी सांगतो ना सगळ्यांचं!"

"तुम्ही धुलाईचं सांगितलंत. इस्त्रीच्या मालकीणबाई कुठायत?"

मावशी हात पुसत आली आणि थेट गल्ल्यामागच्या खुर्चीत बसली. "बोला."

"वाढ नको असं लिहिलंय तुम्ही."

"ते घाईत झालं. वाढ पाहिजेच! दिवसभर तापल्या इस्त्रीपाशी उभं राहून बघा एकदा."

"पण मालकाला परवडेल?"

"न परवडायला काय झालं? मालक बसून तर असतो!"

लाँड्रीवाला जोरात खोकला.

"मध्ये बोलू नका, धुलाईवाले," मावशी म्हणाली. "तुमचं झालंय."

मेहुण्याला चेव चढला. "माझंही तेच लिहा, मॅडम. वर सायकलचं पंक्चर मालकानं काढून द्यावं."

"अरे गाढवा, मालक तूच ना!"

बाईंचं पेन थांबलं. "मग हे मालकाकडे का मागतायत? नाहीत का हे मालक?" त्यांनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. खोटी माहिती दिल्यास दंड!

"आहेत! आहेत! दोघंही आहेत!" लाँड्रीवाला घाईघाईनं म्हणाला.

"मग दोन विरुद्ध एक," म्हणत बाईंनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीच्या टेबलावर पुठ्ठा लटकत होता. शर्ट इतके, पँट इतके, चादर विचारून.

"हे काय, मावशी? पगार देतो ना मी!"

"पगार नोकराला, शेठ. मी धंदा आहे. काल तुम्हीच सरकारी बाईंना सांगितलंत."

"पण हा दर जास्त होतो हो! आधी विचारायचं तरी!"

"विचारते की." मावशीनं एक कागद पुढे केला. त्याचाच फॉर्म, मथळा तेवढा खोडलेला. "मत लिहा. वाढ नको असेल तर कारण द्या. आठवड्यानं कळवते."

हॉटेलचे शंभर शर्ट टेबलावर चुरगळून पडले होते. बारा वाजता पोचायचे होते. मेहुणा सायकलला टेकून दाढी खाजवत उभा होता, आणि त्याच्याही हातात पुठ्ठा होता.

लाँड्रीवाल्यानं दात-ओठ खात 'वाढ मान्य' लिहिलं आणि इतक्या रागानं सही केली, की फॉर्म टर्रकन फाटला.

"असू दे," मावशी म्हणाली. "झेरॉक्स पाच काढल्यात. तुमच्या खात्यावर."