लाँड्रीच्या मशीनचं स्थलांतर

"मरण असं काही नसतंच. फक्त मुक्काम बदलतो," असं जावयाने रविवारी दुपारी, सासऱ्यांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, स्टुलावर उभं राहून जाहीर केलं. स्टुलावर तो तत्त्वज्ञान सांगायला चढला नव्हता. वायर पोचत नव्हती.

विषय मशीनचा होता. कुणाचा कोट कुठल्या दांडीवर लटकतोय ही लाँड्रीची सगळी माहिती लिनक्सच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये असे. व्हर्च्युअल म्हणजे हाताला न लागणारं. ते एका खऱ्या लोखंडी पेटीत भाडेकरूसारखं राहतं. पेटी म्हातारी झाली होती, म्हणून भाडेकरूला सामानासकट उचलून नव्या पेटीत, नव्या पद्धतीच्या घरात न्यायचं काम जावयाने आपणहून अंगावर घेतलं होतं. सासऱ्यांनी बजावलं होतं, की गिऱ्हाइकाला काही कळता कामा नये. जमलं तर दुकानातलं कॉम्प्युटरचं सगळं यापुढे जावयाकडे. नाहीतर पुन्हा कागदाची पावतीपुस्तकं.

मशीन नव्या पेटीत डोळे चोळत उठून बसलं. जावयाने त्याच्याच पडद्यावर पावत्या उघडून पाहिल्या; एकही हरवली नव्हती. रविवारी काउंटर बंद, त्यामुळे तिथून बघायचं कुणाला सुचलं नाही. जुनी पेटी बंद झाली आणि सासऱ्यांनी त्याच भरात भंगारवाल्याला सोमवारची चारची वेळ देऊन टाकली.

सोमवार लोण्यासारखा गेला. दोनशेच्या वर गिऱ्हाइकं झाली, एकही पावती अडली नाही. सासरे येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, की आमच्या जावयाने कालच सगळं नवीन केलंय, तुम्हाला कळलं तरी का? गिऱ्हाइकांना कळलं नव्हतं, आणि आता कळूनही त्यांना फारसं काही वाटत नव्हतं.

साडेतीनला जावयाने दिवसभराचं काम डोळे भरून बघावं म्हणून नव्या मशीनचा पडदा उघडला. शेवटची पावती शनिवारची होती.

त्याने पडदा बंद करून पुन्हा उघडला. शनिवारच. मग त्याने नव्या पेटीची नेटवर्कची वायर उपसली. बाहेर काउंटरवर त्याच क्षणी पावती छापल्याचा आवाज आला. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, पण खुर्चीवर बसून घेतलेलं बरं एवढं त्याला वाटलं. बसल्यावर नजर टेबलाखाली गेली. जुन्या पेटीचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

"आई," त्याने सासूबाईंना हाक मारली, "ही पेटी कुणी चालू केली?"

"मी. सकाळी झाडताना बघितलं, दिवा बंद. म्हटलं विसरलात."

मग त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. नव्या घरात नेटवर्क कार्डाला नवीन नाव मिळालं होतं, आणि मशीनच्या सेटिंगमध्ये नाव होतं जुनंच. बिचारं मशीन कालपासून, अस्तित्वात नसलेल्या कार्डाची वाट बघत, कुणाशी एक शब्द न बोलता बसून होतं. स्थलांतरात हलली होती ती नक्कल; जुन्या पेटीत मागे राहिलेल्या मूळ मशीनला जागं करून सबंध दिवस दुकान चालवलं होतं ते सासूबाईंच्या एका बोटाने. आणि दिवसभराच्या पावत्या जुन्या पेटीत होत्या, जिला न्यायला दारात वेळेआधीच हातगाडी लागली होती. ती गेली असती, तर दोनशे गिऱ्हाइकांचे कपडे बेवारस.

"आई, अर्धा तास. त्याला हात लावू देऊ नका," जावई कसाबसा म्हणाला.

सासूबाईंनी कारण विचारलं नाही. फडकं घेतलं आणि पेटीसमोर बसकण मारली.

भंगारवाला वाकला, तेव्हा त्याला थांबायला सांगण्यात आलं. पेटी पुसायची होती. तो म्हणाला, बाई, भंगार आहे, फोडायचंय. त्यावर त्या म्हणाल्या, "फोडा. पण आमच्या घरातून वस्तू धुळीची जात नाही. लाँड्री आहे ही." मग त्यांनी पेटीचं एकेक भोक काडीला फडकं गुंडाळून पुसलं. सासरे येऊन वैतागून गेले. भंगारवाला दारात बसून स्वतःच्या सदऱ्यावरचा डाग चोळू लागला.

इकडे जावयाने सेटिंगमध्ये कार्डाचं नाव बदललं, काउंटरला पाच मिनिटं दम धरायला सांगितलं, उपसलेली वायर परत खोचली, दिवसभराच्या पावत्या नव्या मशीनमध्ये ओढल्या आणि जुनं मशीन कायमचं झोपवलं. या वेळी मात्र तो काउंटरवर जाऊन स्वतःच्या शर्टाची पावती फाडून आला. नव्या मशीनवर ती उमटली. त्याने मागच्या खोलीच्या दारातून मान हलवली.

"झाली स्वच्छ," सासूबाई म्हणाल्या. असं चकचकीत भंगार त्या माणसाने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

हातगाडी गेल्यावर सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. यापुढे सगळं तुमच्याकडे, म्हणाले, आणि हे कसं सुरळीत पार पडलं ते सांगायला पुन्हा काउंटरकडे गेले.

जावई खुर्चीत कोसळला. "आई," तो म्हणाला, "आज तुम्ही नसतात तर माझी अब्रू गेली असती. मला हे आयुष्यभर..."

"हो हो," सासूबाई ओलं फडकं पिळत म्हणाल्या. "जरा पाय वर घ्या. खालची फरशी राहिलीय."