सुभेदारांचं पोट, चॅनेल पाच

तुम्हाला खोटं वाटेल, पण सातारा-सांगली भागातल्या चौदा सर्जनना दुर्बिणीचं ऑपरेशन मी शिकवलं! मी म्हणजे नाथाजी, इस्लामपूरचा केबलवाला. दहावी नापास. आता, चिमटे डॉक्टर क्रांतीताईंच्या हातात होते, हे कबूल. पण दिसल्याशिवाय माणूस शिकणार कसं? आणि दाखवलं कुणी? मी!

साल शहाण्णव. पोटाला पाडलेल्या चार बारीक भोकांतून कॅमेरा नि लांब चिमटे आत घालायचे, टीव्हीत बघत पित्ताची पिशवी काढायची, हे आमच्याकडं अगदी नवीन. क्रांतीताई मुंबईत शिकून आल्या आणि आपल्या दवाखान्यात त्यांनी इकडच्या सर्जनांचा तीन दिवसांचा वर्ग भरवला. पहिले दोन दिवस मोठमोठे डॉक्टर खोक्यात चिमटे घालून, टीव्हीकडं बघत हरभरे उचलत होते. वीस-वीस वर्षं पोटं फाडणारी माणसं, पण हरभरा काही गावेना! वाईचे एक डॉक्टर तर असे घामाघूम झाले, जणू त्यांचंच ऑपरेशन आहे!

तिसऱ्या दिवशी खरं ऑपरेशन. पेशंट हंबीरराव, मिल्ट्रीतनं रिटायर झालेले सुभेदार. "चौदा काय, चारशे डॉक्टर बघू द्यात! मी भितोय व्हय?" म्हणत त्यांनी सही ठोकली. डॉक्टर मंडळी बसणार होती रस्त्यापलीकडच्या मंगल कार्यालयात.

"नाथाजी, चित्र आणि माझा आवाज तिकडं पोचवाल ना?" क्रांतीताईंनी विचारलं.

"ताई, आमी शारजाची मॅच इस्लामपुरात पोचवतो! रस्ता म्हंजे काय!"

ऐनवेळी वायर कमी पडली. पण कार्यालयात माझी केबल होतीच. ऑपरेशन थिएटरची वायर शेजारच्या माझ्या कंट्रोल रूममध्ये ओढली आणि दुपारचा पिक्चर जिथनं सोडतो, तिथं खुपसली. कार्यालयात चॅनेल पाच लावला. काय चित्र आलं म्हणता! चौदा डॉक्टर 'वा!' म्हणाले. माझी छाती पुरीसारखी फुगली.

एकच बारीकसं काम राहिलं. गावाकडं जाणारी लाईन काढायची!

अर्ध्या तासानं फोन वाजला. चौकातल्या रंगूबाई.

"नाथाजी, ह्यो कसला पिच्चर रं? हिरो न्हाई, हिरवीन न्हाई, नुसती गुलाबी गुहा! आन् त्ये दोन चिमटं कवाधरनं भांडाय लागल्यात!"

"मावशी... तुमी कुठं बघताय?"

"घरात! सारी गल्ली बसलीया. आन् ती बाई सारखी 'सुभेदार, सुभेदार' का म्हनतीया? हंबीररावाचं पोट हाय का काय ह्ये?"

फोन टाकून मी वायर हिसडली. घाईत ती अर्धीच निघाली. नेमकं त्याच वेळी ताई डॉक्टरांना बजावत होत्या, "नीट बघा. ही नळी चुकून कापली, तर पेशंट गेला!"

गावाला ऐकू आलं ते असं: "खर्रर्र... पेशंट गेला!" आणि पडदा काळा!

मिनिटभरात मी कार्यालयाची लाईन परत जोडली, गावाची तोडली. घाम पुसला. सुटलो म्हटलं!

कुठला सुटतोय! पंधरा मिनिटांत चौकातली दुकानं बंद. सुभेदारांची भावकी बांबू आणि मडकं घेऊन ट्रॅक्टरनं हजर. सहा माजी सैनिक मेडलं लावून दवाखान्यासमोर रांगेत उभे. आत बाकावर सुभेदारांच्या पत्नी शालूबाई चहा पीत होत्या. बायका रडत त्यांच्या गळ्यात पडल्या.

"शालूबाई, सुभेदार गेलं वो!"

"कुटं? आत्ता तर आत न्हेल्यात!"

मग मडकं दिसलं. कपबशी खाली पडली आणि त्यांनी हंबरडा फोडला. तो ऐकून मी धावत आत शिरलो, पेशंट न्यायच्या ट्रॉलीवर चढलो नि बोंबललो, "थांबा! सुभेदार जित्तं हायती! चूक माझी हाय!"

"उतर खाली! केबलवाल्याला काय कळतंय?"

तेवढ्यात थिएटरचं दार उघडलं. क्रांतीताई हिरव्या डगल्यात बाहेर आल्या. हातात छोटी बाटली.

"काकी, रडताय कशाला? हे बघा, पिशवीतले अकरा खडे! काका ठणठणीत आहेत. आत्ताच शुद्धीवर येऊन विचारत होते, जेवायला काय आहे!"

शालूबाई तशाच ताईंच्या गळ्यात पडल्या. सहा सैनिकांनी तयारी करून आणलेला सॅल्यूट ताईंना ठोकला. आमच्या इस्लामपूरच्या पोरीला! माझे डोळे भरून आले. नंतर ताईंनी मला आत बोलावून जे सुनावलं, त्यानं ते परत भरून आले, ती गोष्ट वेगळी.

पण वर्षाच्या आत त्या चौदातल्या नऊ जणांनी आपापल्या गावी ही ऑपरेशनं सुरू केली. सांगा, आहे असा दुसरा केबलवाला?

ऑपरेशननंतर आठवड्यानं हंबीरराव माझ्या कंट्रोल रूममध्ये आले. मी पाय धरले. त्यांनी सदरा वर करून चार बारीक टाके दाखवले.

"सोड रं गड्या! साऱ्या गावानं माजं काळीज बघितलं. असा मान कुना जनरलला तरी मिळालाय का?"

मला जोर चढला. "सुभेदार, माझ्या केबलची करामत ती! आरशागत दिसत होता तुमी!"

"दिसलो आसंल," सुभेदार सदरा खाली ओढत म्हणाले. "पर आमच्या गल्लीत आठ दिस झालं टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत्यात. ती वायर कवा बघतोस, त्ये सांग!"