देवरावांच्या किडनीवरचा आळ

सोनिकाच्या लग्नात जुना कोट बसावा म्हणून तिच्या वडिलांनी, देवरावांनी, तीन आठवडे कोरा चहा आणि टोस्टवर काढले. कोट बसला, पण गांधीबागेतल्या आपल्याच दुकानाच्या दोन पायऱ्या चढवेनात. पायांत गोळे येत. रक्तात पोटॅशियम थोडं कमी निघालं.

"खाण्यातून पोटॅशियम आलं नाही की किडनी ते धरून ठेवते, काका," डॉ. हिमानी म्हणाल्या. "थोडं जातंच, पण काही दिवसांत लघवीतलं प्रमाण बरंच उतरतं. तुमची किडनी धरते की सोडते, ते पाहू. उद्या चोवीस तासांची लघवी या कॅनमध्ये जमवा. खाणं मात्र बदलू नका."

"अन् सोडून देत असंन तं?"

"मग अ‍ॅडमिट व्हावं लागेल."

लग्न शुक्रवारी होतं, सावनेरला. देवराव कॅन पोटाशी धरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, एकादशी निघाली. त्यांच्या बायकोने, रुख्मिणीबाईंनी, टोस्टचा डबा वर ठेवून दिला.

"डॉक्टरीणबाईनं खाणं बदलू नका म्हटलं वं!"

"बदलून कोण राहिलं? उपासाले खाणं म्हणतात काय? आज तुमी काहीच खाऊन नाही राहिले."

हे देवरावांना पटलं. मग काहीच न खाता त्यांनी तीन रताळी, वाडगाभर बटाट्याचा कीस, चार केळी, मूठभर खजूर आणि दोन शहाळी संपवली.

सोमवारी रिपोर्ट पाहून डॉ. हिमानींनी चष्मा काढला.

"काका, काल काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही, मॅडम."

"काहीच नाही?"

"देवाशपथ. कडक उपास होता."

पोटात काही नाही आणि लघवीत एवढं पोटॅशियम! किडनी गळतेय, हे उघड झालं. देवरावांना खाटेवर निजवलं. आणखी दोन डॉक्टर आले. त्यांतला तरुण डॉक्टर तर हरखून गेला. असा रोगी त्याने फक्त पुस्तकात पाहिला होता. त्याने परिषदेत वाचायच्या निबंधाचं नावही ठरवून टाकलं.

मेहुणे नत्थूजी धीर द्यायला आले. "भाऊजी, टेन्शन घेऊ नका. कन्यादान मी करतो. फक्त तुमचा कोट मले होते का, ते पाहा लागन."

हे ऐकून देवरावांचे डोळे भरले. रुख्मिणीबाईंनी तर मोठ्याने गळा काढला, "काल एवढी रताळी खाल्ली बिचाऱ्यानं, तरी अंगी नाही लागली वं माय!"

डॉ. हिमानींचा पेन थांबला. "रताळी? पण उपवास होता ना?"

"उपास होता म्हणूनच तं!"

सगळी यादी बाहेर आली; एकेक पदार्थ पोटॅशियमने भरलेला. पुन्हा रक्त तपासलं. पोटॅशियम जवळजवळ जागेवर आलं होतं. तरुण डॉक्टर हिरमुसून निघून गेला.

"किडनीचा काही दोष नाही," डॉ. हिमानी म्हणाल्या. "टोस्ट बंद. लग्नापर्यंत रोज कालच्यासारखाच उपवास करा."

शुक्रवारी मांडवात व्याही चंद्रभानजींनी चार लोकांसमोर हात जोडले. "पोरीसाठी बाप सहा दिवसांपासून उपाशी हाय! असा मानूस म्या पाह्यला नाही गा."

देवरावांनी नुसती मान डोलावली. तोंड भरलेलं होतं.