टेलला पोचलं का?

आमच्या भागात नळाला पाणी येतं त्या दिवशी माणसं कामाला दांडी मारतात. टाकी, ड्रम, कळशी, बादली, शेवटी पातेली आणि तांबे, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या आमच्या गल्लीत पिण्याच्या पाण्यात नुसता हात बुडवला तरी पोराला फटका मिळतो. त्याच गल्लीत राहून मुनीरमामू हे पाणी आधी गाळतात, मग फिल्टरमधून काढून पार नितळ करतात आणि मग शांतपणे त्यात मीठ कालवतात.

मीठही घरातलं नाही. खास समुद्र तयार करायचं मीठ, मुंबईहून झाकणाच्या बादलीतून येतं. ते विरघळलं की मामू त्यातला एक थेंब छोट्या दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर टाकतात, खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटतात आणि पाण्याचा खारटपणा वाचतात. जमला तर म्हणतात, "झाला समुद्र." न जमला तर आणखी एक वाटी मीठ. फिल्टर जे पाणी टाकून देतो ते माझ्या वाट्याला येतं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, शाळेत गणित शिकवतो, आणि माझी सगळी धुणी त्या पाण्यावर निघतात. त्यामुळे मामूंना वेडं म्हणायचा हक्क गल्लीत सगळ्यांना असला तरी मला नाही.

मामू पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सारी नोकरी गंगापूरकडच्या चाऱ्यांवर, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या पोटकालव्यांवर गेली. कालव्याचं पाणी जिथून चारीत शिरतं ते हेड, आणि जिथं चारी संपते ते टेल. मामूंच्या मते जगात दोनच जातीची माणसं असतात, हेडची आणि टेलची. हेडची माणसं रात्रीत गेट उचलून पाणी घेतात आणि सकाळी निरीक्षकाला चहा पाजतात. टेलची माणसं कोरड्या चारीत उभी राहून वाट बघतात. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला ठरल्या पाळीचं पाणी सोडलं, की मामू मोटारसायकल काढून थेट टेलला जायचे आणि पाणी तिथं पोचल्याशिवाय जेवायचे नाहीत. रिटायर झाले तरी ही सवय गेली नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते उठून शेवटच्या ओळीत जातात आणि वाढप्याला विचारतात, "टेलला पोचलं का?"

असा माणूस रिटायर झाल्यावर मासे पाळतो, इथवर ठीक. पण गोड्या पाण्यातले सोपे मासे सोडून समुद्र कशासाठी, हे मी विचारलं होतं. मामू म्हणाले, "मास्तर, गोड्या पाण्याची भांडणं लई सोडवली. खाऱ्या पाण्यासाठी कुणी अर्ज करत नाय."

माशांची पेटी त्यांनी ठेवली आहे ती बैठकीच्या आणि आतल्या खोलीच्या मधल्या भिंतीत. घर वाढवलं तेव्हा जुनी खिडकी आतच राहून गेली होती. तिचे गज काढून मामूंनी तिथं काचेची पेटी बसवली. पेटी लहानच, दोन माणसांनी उचलावी एवढी. आत दोन नारिंगी मासे, एक झिंगा, दगडांची रास, आणि दगडांवर चिकटलेली जिवंत प्रवाळं. मामू त्यांना कोरल म्हणतात. कोणी बटणासारखं, कोणी छत्रीसारखं. दगडांची रास एवढी उंच की बैठकीतून आरपार काही दिसत नाही. आतल्या खोलीत मामी असतात. त्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला तेव्हापासून डावं अंग पलंगाला टेकलं ते टेकलंच. मी बाहेरूनच सलाम करायचो, आतून उत्तर यायचं. काही हवं असलं की मामी उजव्या हातानं पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजवत.

मामूंच्या सगळ्या कोरलांत एक होतं मागच्या कोपऱ्यात, दगडाआड. बैठकीतून मान वाकडी केली तरी धड दिसत नसे. त्याचं नाव अर्थातच टेल. दिसत नाही तिथं कोरल ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कोरल जागचं हलत नाही. अन्न आणि हवा त्याच्याकडे पाण्यानंच आणून द्यायची असते, आणि घाण पाण्यानंच उचलून न्यायची. म्हणून पेटीत पाणी सतत फिरवणारा पंप लागतो. हे कळल्याबरोबर मामूंनी मला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही गुलमंडीला गेलो. दुकानदारानं समुद्राची सगळी हकिगत ऐकून घेतली, मान डोलावली आणि काउंटरवर कूलरचा पंप ठेवला. "पानीच घुमाना है ना मामू? येच लेके जाव." आमचं शहर उन्हाळाभर कूलरवर जगतं. इथं पंप म्हटलं की दुसरं काही कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नाही, आणि मामूंनी तर वर दुकानदाराची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी पंपातून तांबूस धार निघाली. झिंगा सगळ्यांत उंच दगडावर चढून बसला आणि कोरलं एकजात मिटली. खाऱ्या पाण्यानं आतलं लोखंड खायला घेतलं होतं. मामूंनी पंप उपटला, निम्मं पाणी बदललं आणि जाहीर केलं की यापुढं लोखंड तपासल्याशिवाय पंप घरात येणार नाही. त्यासाठी ते खिशात लोहचुंबक ठेवू लागले. गंमत अशी, की समुद्राच्या पंपाच्या पोटातच चुंबक असतं, त्यामुळे मामूंचं चुंबक प्रत्येक चांगल्या पंपाला चिकटे आणि प्रत्येक चांगला पंप नापास होई. शेवटी मीठ पाठवणाऱ्या मुंबईच्या दुकानदारानं फोनवर कपाळावर हात मारला असावा, कारण तेवढा वेळ तो काही बोलला नाही.

या मुंबईवाल्यानं पेटीत पाणी किती मावतं ते विचारलं. मामूंनी उलट पंपाचा डिस्चार्ज, म्हणजे तो तासाला किती पाणी फेकतो ते विचारलं. मग हिशेब माझ्याकडे आला: पेटीतलं सगळं पाणी तासाला इतक्या वेळा फिरलं पाहिजे, तर पंप केवढा? मी गुणाकार करून आकडा दिला. मामूंनी तो ऐकून घेतला आणि त्याच्या दुप्पट ताकदीचा पंप मागवला. टेलपर्यंत जायचं तर हेडला जोर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते इतक्या खात्रीनं सांगितलं की मला माझ्याच पाढ्यांची शंका आली.

पंप ट्रॅव्हल्सच्या गाडीनं येईपर्यंत मामूंनी पेटीतले दगड उचलून दोन ओळींत लावले. मधून सरळ वाट. उजवीकडे हेड, मागच्या कोपऱ्यात टेल, मध्ये भराव घातलेली चारी. मी म्हटलं, मामू, हा तर कालवा झाला. ते खूश झाले. मी कौतुक करतोय असं त्यांना वाटलं.

बटण दाबलं आणि पेटीत वाळूचं वादळ उठलं. मासे काचेला चपटे झाले. पंपासमोरच्या छत्रीचा एका बाजूचा पापुद्राच सोलला गेला. पाणी चारीतून सुसाट गेलं, काचेवर आपटलं आणि वरच्यावर माघारी आलं. दगडाआडची घाण होती तिथंच राहिली. मामूंनी हात ओला असतानाच नेहमीसारखं विचारलं, "टेलला पोचलं का?"

एरवी हे विचारलं की थोड्या वेळानं आत चमचा वाजे. मी म्हणायचो, मामींना चहा हवा असेल. मामू म्हणायचे, असेल. त्या दिवशी चमचा वाजला नाही. मामूंनी पंपाचं तोंड वळवून पुन्हा विचारलं. आत शांतता. मग त्यांनी हात पुसले आणि समोर ठेवलेला चहा तसाच राहू दिला.

पुढं उन्हाळा तापला. मोठा पंप स्वतःही तापतो आणि पाण्याला तापवतो, हे नवीनच कळलं. मामू पेटीवर पंखा लावत, बर्फाच्या बाटल्या सोडत, आणि घरात त्यांनाच घामाच्या धारा लागत. पंप मंद केला तर टेलला काहीच जाईना. ते कोरल आक्रसत चाललं. त्याच्या देठांच्या टोकांना बारक्या बोटांचे पंजे होते, ते मिटून करडे पडले. मामूंची बडबड थांबली. गल्लीतल्या पंगतीलाही ते गेले नाहीत, म्हणजे पाहा.

मला राहवलं नाही. मी सांगितलं, त्याला उचलून पुढं आणा, पंपासमोर जरा बाजूला ठेवा, जगेल. मुंबईवालाही हेच म्हणत होता. मामू माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. म्हणाले, "टेलच्या माणसाला हेडला आणून बसवलं म्हणजे पाणी पोचलं नाय होत, मास्तर. ते तिथंच राहणार. पाणी तिथं गेलं पाहिजे." मलाही राग आला. एका न दिसणाऱ्या कोरलासाठी दिसणारी चार मारायची, याला काय म्हणावं? दोन दिवस मी खाली उतरलोच नाही. धुण्याचं पाणी मात्र बादलीभर जिन्यात येत राहिलं.

तिसऱ्या दिवशी मामूच वर आले. मुंबईवाल्यानं त्यांचा अपमान केला होता. म्हणे, मामू, समुद्राला हेडच नसतं. हा अपमान त्यांनी मला तीनदा ऐकवला. तिसऱ्यांदा सांगताना त्यांना हसू फुटलं. "व्हय की," ते म्हणाले, "कालव्याचं पाणी जातं. समुद्राचं पाणी जातंय न् येतंय. मी येडा समुद्रात चारी खोदून बसलो."

मग त्यांनी स्वतः बांधलेला कालवा स्वतःच पाडला. दगड पुन्हा विस्कटून मोकळे रचले, पाण्याला सगळीकडून वाट राहील असे. मोठा पंप डब्यात गेला. दोन छोटे मागवले, कमी तापणारे, एक या टोकाला, एक त्या टोकाला. थोडा वेळ हा चालेल, थोडा वेळ तो. तोंड कोरलाकडे नाही, काचेकडे, म्हणजे धार आधी फुटेल आणि मग पसरेल. पाळी मात्र त्यांनी सोडली नाही. म्हणाले, दोघांनी आपापल्या पाळीनं पाणी द्यायचं, भांडण नाय.

ते पंप बसवायच्या दिवशी मामींकडे येणाऱ्या बाई सुटीवर होत्या. मामूंनी मला हाक मारली. म्हणाले, तुम्ही आज आत बसा, हिचा चमचा पडला तर उचलून द्यायला कुणी पाहिजे. इतक्या वर्षांत मी आतल्या खोलीत पहिल्यांदाच गेलो आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलो.

मामींच्या उशीच्या बरोबर समोर भिंतीतली पेटी होती. तिकडून मागची बाजू, म्हणजे इकडून पुढची. बैठकीतून दिसणारी बटणं आणि छत्र्या इथून दिसत नव्हत्या. दगडांची पाठ दिसत होती आणि तिच्या कोपऱ्यात, निवांत जागेवर, एकटं ते कोरल. टेल. मिटलेल्या मुठींचा तो करडा गुच्छ.

मामींचा डावा हात घडी केलेल्या टॉवेलवर होता. त्याचीही मूठ मिटलेली होती. मी दोन्हींकडे बघतोय हे मामींनी पाहिलं. त्यांचं बोलणं झटक्यानंतर अडखळतं, एकेक शब्द ओढून आणावा लागतो. म्हणाल्या, डॉक्टरनं सांगितलंय, मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा. कंटाळा यायचा. मग यांनी हे आणलं. हे दिवसभर मूठ उघडतं, मिटतं. मी त्याच्याबरोबर करायची. जराशी बोटं हलायला लागली होती. श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "ते थांबलं, बेटा. मग मी पण थांबले."

मी भिंतीपलीकडच्या माणसाला काय काय म्हणालो होतो ते सगळं मला आठवलं.

पलीकडे बटणाचा टिक आवाज झाला. आधी काहीच दिसलं नाही. मग दगडाच्या पाठीवरचा गाळ हलला, उचलला गेला आणि नाहीसा झाला. कोरलाचे देठ एकीकडे झुकले, थांबले, आणि दुसरा पंप लागल्यावर दुसरीकडे झुकले. पलीकडून मामूंनी विचारलं, "टेलला पोचलं का?" मामींनी मान हलवली, अजून नाही. चमचा वाजला नाही. मामूंनी काहीतरी किंचित वळवलं. आम्ही दोघं बघत बसलो. माझा चहा गार झाला. आणि मग कडेच्या एका देठावर एक पंजा सावकाश उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्याच्या शेजारचाही.

मामींनी उजव्या हातातला चमचा डाव्या हातात खोचला. खोचताना तो एकदा पांघरुणावर पडला, मी उचलून दिला. बोटं त्याच्याभोवती जेमतेम वळली. मग दंड हलवून त्यांनी तो दांडीला लावला. आवाज इतका बारीक आला की मला वाटलं, पलीकडे गेलाच नसेल.

पण मामूंनी ऐकलं. "एवढं हळू का?" त्यांनी विचारलं. "कमी पडतंय का? अजून थोडं देऊ?"

मी म्हणालो, "मामू, मामींनी डाव्या हातानं वाजवलंय."

मामू आत आले नाहीत. बराच वेळ फक्त पंपांची घरघर ऐकू येत होती, आधी या टोकाची, मग त्या टोकाची. मग त्यांनी नाक ओढलं, घसा साफ केला आणि कालवा निरीक्षकाच्या कडक आवाजात सांगितलं, "मास्तर, पंप हेच राहू द्या."