कानाशी भांडणारे चाफले सर

आमच्या हिंगणघाटात पोरांचे कान पिरगाळणारे मास्तर पुष्कळ होते. स्वतःच्या कानाशी भांडणारे एकच, आमचे शेजारी चाफले सर. जीवशास्त्र शिकवायचे. दाढी करताना आरशापुढे कान धरून ओरडायचे, "हरामखोर! इन्सुलिनची कृती तुह्याजवळबी आहे, मंग काऊन नाई बनवत?"

मी पडलो मराठीचा मास्तर, मला काय कळतंय! पण सर सोडतात होय? "अंगातल्या पेशींजवळ पुस्तक एकच असते बाप्पा. केसाची पेशी केसाचं प्रथिन बनवते. इन्सुलिन बनवते ते फक्त स्वादुपिंडातली. बाकीच्या ते पानच उघडत नाईत!"

चहा फिका झाला तरी म्हणायचे, "यानं साखरेचं पान उघडलंच नाई." हॉटेलवाला कपाळाला हात लावायचा.

दुसरी खोड गाडग्याची. उन्हाळ्यात कुठेही निघाले की ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं गाडगं हातात. कुणी हात लावलेला खपायचा नाही.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा मे असेल. वडनेरला लग्न होतं. नवरदेवाच्या मामांनी गाडगं पाहून पाणी मागितलं. सर म्हणाले, "नाई भेटत." झालं! मामा खवळले, "कसा माणूस आहे बे हा! तहानलेल्याले पाणी नाई देत?" मलाही सरांची लाज वाटली. मी सरळ झाकण काढलं.

आत ओली रेती, अन् रेतीत खोचलेली इन्सुलिनची बाटली.

"सिंधूची आहे," सर हळूच म्हणाले. सिंधूकाकू म्हणजे त्यांची बायको, शेजारीच मान खाली घालून बसल्या होत्या. "लोक कीव करतीन म्हणून सांगू देत नाई. हे औषध गरम झालं का बिघडते. अन् याच्याबिगर ती जगत नाई."

फ्रीज तेव्हा आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हता. कुणीतरी मामांसाठी पाण्याचा तांब्या आणला. मामांनी दोन घोट घेतले अन् उरलेलं पाणी गाडग्याच्या फडक्यावर ओतलं. म्हणाले, "मास्तर, मले माफ करा."

पंगतीआधी सरांनी काकूंना आडोशाला नेऊन सुई टोचली; कुणी येऊ नये म्हणून मी तिथंच राखणीला उभा होतो. मग हलकेच त्यांचा कान धरला.

"इतक्या पेशी आहेत वं तुह्या अंगात. साऱ्यायजवळ पुस्तक आहे. एकीलेबी तुह्यासाठी ते पान उघडावं वाटत नाई?"

काकू हसल्या. "जाऊ द्या ना. त्यायचं काम तुमी करून राह्यले ना."

सरांनी कान सोडला नाही.