मठपती सरांची अंधारखोली

सन २०१७. मी सत्तावन्न वर्षांचा, लातूरच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स डिपार्टमेंटचा शिपाई. त्या साली आमच्या मठपती सरांनी संस्थेच्या अध्यक्षाला बूट काढायला लावले आणि अंधारात नेऊन बसवलं.

नवल करू नका. त्यांनी कुणाला बसवलं नव्हतं? डिपार्टमेंटच्या टोकाला खिडक्या काळ्या रंगानं बुजवलेली अंधारखोली होती. प्रकाशाचे प्रयोग तिथंच व्हायचे. आत कुणी आलं की सर म्हणायचे, "बसा. डोळे मुरू द्या." लोणचं मुरावं तसे डोळे मुरेस्तोवर यंत्राला हात लावायचा नाही. पोरं बसायची, नवे प्राध्यापक बसायचे. एकदा पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमनही बसला. तो बिचारा म्हणत होता, मला फक्त पंखा बघायचाय. सर म्हणाले, मग तोही नीट बघा.

सर मूळचे लोह्याचे. उंच, किडकिडीत, खिशात पेन नसलं तरी भिंग असणार. माणसं ते यंत्रासारखी जोखायचे. एखादं यंत्र बारीकात बारीक जेवढं मोजू शकतं, त्याला ते लीस्ट काउंट म्हणत. "नामदेवराव, ह्या क्लार्कचा लीस्ट काउंट लई मोठा हाय. बारीक गोष्ट त्याला दिसायचीच न्हाई." शिपायाला 'राव' लावणारा अख्ख्या कॉलेजात तेवढाच माणूस.

डिपार्टमेंटचा इतिहास मला विचारा. मी चौथीत शाळा सोडली, पण किल्ल्या माझ्याकडं होत्या. पत्र्याच्या खोलीत सुरुवात झाली. पहिलं मोठं यंत्र नांदेडहून एस.टी.नं आणलं. कंडक्टर खोकं टपावर टाका म्हणाला. सरांनी खोक्याचं फुल तिकीट काढलं, त्याला खिडकीजवळ बसवलं आणि आम्ही दोघं अहमदपूरपर्यंत उभं. पुढं दगडी इमारत झाली, काचेची कपाटं आली, दुर्बीण आली. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात सगळ्या स्टाफचा डोळा आमच्या बॅटरीच्या पाण्याच्या कॅनवर होता. सर त्या कॅनला पाठ लावून पेपर तपासायचे.

तर झालं असं, की गावात डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास वाढले आणि आमच्याकडं बी.एस्सी.ला फिजिक्स घेणारी पोरं घटली. संस्थेत ठरलं, डिपार्टमेंट बंद करायचं आणि अंधारखोली पाडून संस्थेच्याच क्लाससाठी हॉल काढायचा. अध्यक्षांना सगळे आबा म्हणायचे. ते एकदा जागा बघणार आणि सही करणार, एवढंच राहिलं होतं.

आबा आले. सोबत प्रिन्सिपल आणि हातात टेप घेतलेला बांधकामाचा गुत्तेदार. सर दारात आडवे.

"आबा, बूट."

प्रिन्सिपलचं तोंड उतरलं. आबांनी एकदा सरांकडं बघितलं, एकदा बुटाकडं, आणि काढले. मग सरांच्या सांगण्यावरून मी सगळ्यांचे फोन काढून घेतले, कारण फोनचा उजेड आत चालत नाही. ते बाहेरच्या टेबलावर ठेवून मी दार लावलं आणि आत दारालाच टेकून उभा राहिलो.

सगळे बसले. प्रिन्सिपल दोनदा खाकरले, आबांना वेळ नाही म्हणाले. आणि मग अंधारातून घोरण्याचा आवाज आला. आबा झोपले होते. प्रिन्सिपल त्यांना हलवायला गेले तर सरांनी त्यांचा हात धरला.

"झोपू द्या. कवाचा झोपला न्हाई हा माणूस."

बाहेर फोन वाजून वाजून दमले. प्रिन्सिपल आणि गुत्तेदार कंटाळून उजेडात निघून गेले. आबा जागे झाले तेव्हा आत सर, मी आणि ते. सरांनी त्यांना हाताला धरून यंत्रापाशी नेलं, पिवळ्या दिव्याच्या झाकणीतली फट उघडली आणि डोळा लावायला सांगितला. डोळे मुरले नसले तर त्या उजेडाची एकच रेषा दिसते.

आबांनी डोळा लावला, काढून चोळला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "दोन हाईत की. फिक्या रेषा, एकमेकीला चिकटून."

तेवढ्यात बाकीचे दोघं परत आले. गुत्तेदारानं बघितलं, त्याला एकच दिसली. प्रिन्सिपलला तीही नाही.

"तुमी आत्ता उजेडातनं आलाव," आबा म्हणाले. "बसा खाली. डोळे मुरू द्या."

आणि दोघं बसले. ते बघायला तुम्ही पाहिजे होता.

आबांनी तिथंच निकाल दिला. खोली राहील, डिपार्टमेंट राहील, क्लासला गच्चीवर पत्रे टाका. वर म्हणाले, "अकरावी-बारावीची पोरं बी हितं आणून बसवा. नुसतं पाठ करून राहिलेत. एकदा डोळ्यानं तर दिसू द्या."

मी किल्ल्यांचा जुडगा वाजवत अख्ख्या व्हरांड्यातून चाललो, तेही दोन वेळा. क्लार्कच्या टेबलाजवळ जरा हळू.

संध्याकाळी कुलूप लावायला गेलो तर सर आतच, दिवा मालवून बसलेले. मी म्हणालो, जिंकलो की सर, आता चहा पाजा. ते हसले. मग म्हणाले, "नामदेवराव, खोली गेली असती तर मी जेवलो कुठं असतो?"

मला कळेना. रोज दुपारी सर दार लावून घ्यायचे आणि मी बाहेर स्टुलावर बसून, प्रयोग चालू हाय म्हणून माणसं परत लावायचो. सरांच्या मंडळी जाऊन लई वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

"घरी जेवायला बसलं की समोरचा रिकामा पाट दिसतो," सर म्हणाले. "हितं दिवा मालवला की समोर कोण हाय, कोण न्हाई, काही कळत न्हाई."

सर उठून बाहेर आले, मी कुलूप लावलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला जास्तीच्या भाकरी थापायला लावल्या, आणि कॉलेजात गेल्या गेल्या माझं स्टूल उचलून आत नेलं, सरांच्या खुर्चीसमोर ठेवलं.