डोमाजी कंपौंडरची दुधाची परात

रविवारी भर दुपारी, कोंबड्यासुद्धा सावली धरून बसलेल्या असायच्या तेव्हा, डोमाजी कंपौंडर अंगणाच्या मधोमध गोणपाटावर पालथे पडत. अंगात बंडी, डोक्यावर ओला पंचा, हनुवटीखाली वीट. समोर पितळी परात आणि परातीत पाणी घातलेलं दूध. वर कडुनिंबाच्या फांदीला दवाखान्यातून रद्दीत निघालेला एनिमाचा डबा टांगलेला. त्याच्या रबरी नळीला चिमटा. परातीच्या मागे उघडी काळी छत्री. चिमटा सैल केला की नळीतून दुधाचा एक थेंब सुटायचा, परातीत पडायचा, आणि डोमाजीभाऊ विटांवर ठेवलेल्या कॅमेऱ्याची कळ दाबायचे. मग कपाळ जमिनीला टेकवून म्हणायचे, "गेला."

असं ते तीन वर्षं करत होते.

मी चामोर्शीला शाळामास्तर म्हणून गेलो तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत, आणि चामोर्शीत वीज यायला अजून बराच अवकाश होता. मला कुणीतरी सांगितलं, सरकारी दवाखान्याच्या कंपौंडरकडे खोली आहे. मी पेटी घेऊन गेलो. दारात त्यांच्या पत्नी, अनसूयाबाई, उभ्या होत्या. मी विचारलं, "खोली मिळेल का?" त्या म्हणाल्या, "हो, भेटन ना," पण म्हणता म्हणता मान मात्र नकारार्थी हलवत राहिल्या. मी पेटी पुन्हा उचलली. "अवो गुरुजी, कुठी चालले? हो म्हनतो ना मी!" त्या म्हणाल्या, आणि मान तशीच हलत होती.

काही वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला होता. ताप गेला, पण मान हलायची ती राहिली. उठता-बसता, जेवताना, बोलताना. झोपेत तेवढी थांबायची. बाजारात त्या "दे बापा दोन शेर" म्हणायच्या आणि वांगेवाला टोपलीवर फडकं टाकायचा. नवीन माणसाचा असा गोंधळ व्हायचा, जुनी माणसं नजर वळवायची. हळूहळू बाईंनी बाजार सोडला. लग्नाकार्याला जाणं सोडलं. घर, अंगण, म्हैस, एवढंच उरलं.

डोमाजीभाऊ दवाखान्यात वेगळेच होते. औषध मोजताना जगबुडी आली तरी बाटलीवरची नजर हलायची नाही. एखादी म्हातारी म्हणायची, "भाऊ, अजून थोडसं टाक ना, लांबून आली मी." ते म्हणायचे, "वीस थेंब म्हंजे वीस. चामोर्शीच्या मान्साले वीस, आन् जंगलातून आलेल्याले बी वीस." तिच्याशी घरचं, दारचं, धानाचं, म्हशीचं सगळं बोलायचे, पण एकविसावा थेंब द्यायचे नाहीत.

कॅमेरा त्यांनी नागपूरहून जुना आणला होता. भात्याचा, घडी होणारा. त्याच्या कळीला सेकंदाचा अडीचशेवा भाग पकडता येतो, हे ते मला पहिल्याच आठवड्यात तीनदा सांगून बसले. कॅमेरा जवळचं पाहू शकत नव्हता, म्हणून त्याच्या भिंगापुढे वाचायचं भिंग सुतळीनं बांधलं होतं. थेंब कुठे पडतो ते ठरवायला परातीत खिळा उभा करायचा, कॅमेऱ्याची पाठ उघडून तिथे तेल लावलेला पातळ कागद धरायचा, त्यावर खिळा स्पष्ट दिसेपर्यंत विटा सरकवायच्या, मग खिळा काढून घ्यायचा आणि रीळ भरायचं. एका रिळात आठ फोटो. रीळ नागपूरहून टपालानं यायचं. ते आलं की पोस्टमन लांबूनच ओरडायचा, "डोमाजीभाऊ, थेंबाचं आलं!"

ऊन कमी पडतं म्हणून एक आरसा लागायचा. तो धरायचं काम माझ्याकडे आलं. मुलांना पाढे शिकवणारा मी रविवारी दुपारी छत्रीशेजारी उकिडवा बसून दुधाच्या परातीवर कवडसा पाडत असे. कवडसा बोटभर जरी सरकला तरी खालून आवाज यायचा, "गुरुजी, सूर्य हालून राह्यला."

"सूर्य हलतोच, भाऊ."

"हालते, पन तुमच्यावानी नाई हालत."

मी एकदा म्हणालो, थेंबाचा टप्प आवाज आला की कळ दाबावी. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आवाज आला म्हंजे उशीर झाला, गुरुजी. थेंब सुटते तवाच बोट निंगालं पायजे." मग ते ओळीनं दहा-वीस थेंब नुसते सोडायचे, कॅमेऱ्याला हात न लावता, ओठांत आकडे मोजत. गाण्याची बैठक असल्यासारखा चेहरा. मोजता मोजता एखाद्या थेंबाला कळ दाबायचे. "गेला."

एका रविवारी एक म्हातारा पोटात दुखतं म्हणून घरीच आला. त्यानं फाटकातून पाहिलं. कंपौंडर पालथा, वर एनिमाचा डबा, नळी लोंबतेय, खाली परातभर पांढरं पाणी आणि शेजारी मास्तर आरसा धरून. डोमाजीभाऊंनी मान न वळवताच विचारलं, "काय होऊन राह्यलं बाबा?" म्हातारा म्हणाला, "काई नाई. मले बरं वाटून राह्यलं आता." आणि तो आल्या वाटेनं गेला.

अनसूयाबाई ओसरीवर तांदूळ निवडत हे सगळं पाहायच्या. दुधावरून तेवढं बोलायच्या. "म्हशीले वाटते, घरी लेकरं हायेत, म्हून देते ते बिचारी. तिले काय मालूम, परात पिऊन राह्यली." मूलबाळ नव्हतं त्यांना. डोमाजीभाऊ वापरलेलं दूध मांजरीला घालायचे.

फिल्म धुण्याचं काम धानाच्या कोठीत चालायचं. फटी गोणपाटानं बुजवलेल्या, कंदिलाला लाल कापड. औषधं दवाखान्याच्या रिकाम्या बाटल्यांत. तासाभरानं भाऊ ओली पट्टी घेऊन बाहेर यायचे आणि ती उन्हाकडे धरायचे. कधी परात रिकामी आलेली असायची. कधी दुधात नुसता खळगा. कधी सगळंच धूसर. मी धीर द्यायला जायचो तर म्हणायचे, "नाई. चूक माहाच हाय. थेंब आपलं काम बराबर करून राह्यला."

माझं चामोर्शीतलं दुसरं वर्ष. होळी होऊन गेली होती, ऊन कडक होतं. त्या रविवारी भाऊ कोठीतून बाहेर आले आणि पट्टी उन्हाकडे धरून उभे राहिले.  मग विहिरीवर जाऊन पट्टी पुन्हा धुतली. पुन्हा पाहिली. मला म्हणाले, "गुरुजी, तुमचे डोये तरने हायेत. पाहा बरं."

कागदावर छापल्यावर तो थेंब चिंचोक्याएवढाच होता. पण भिंगाखाली धरला की श्वास रोखला जायचा. दुधातून गोल भिंत उठली होती, भिंतीला टोकं फुटली होती, आणि प्रत्येक टोकावरून एक एक मोती सुटायच्या बेतात होता. सगळं थांबलेलं. दोन दिवसांत अर्धी चामोर्शी ओसरीवर येऊन गेली. कुणी म्हणालं मुकुट, कुणी म्हणालं धोतऱ्याचं फूल. डॉक्टरसाहेब म्हणाले, हा छापायला पाठवा. भाऊ मान डोलवत राहिले, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

गर्दी गेल्यावर मी विचारलं, "आता पुढे काय? पाण्याचा थेंब?"

ते विहिरीच्या काठावर बसले. आत भांड्यांचा आवाज येत होता. हळू आवाजात म्हणाले, "थेंब मले नाई पायजे होता गुरुजी."

मग त्यांनी सांगितलं. तापातून उठल्यावर ते अनसूयाबाईंना दाखवायला नागपूरला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, मान आता अशीच राहील. परतताना भाऊंना वाटलं, एक जोडीनं फोटो काढू. लग्नाचा काढला नव्हता. फोटोवाल्यानं बाईंना खुर्चीत बसवलं, म्हणाला हलू नका. त्या हलत होत्या. त्यानं मानेमागे लोखंडी आकडा लावला. तरी हलत होत्या. बाकड्यावर आणखी माणसं थांबली होती. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "बाई, घडीभर नीट बसता येत नाही का तुम्हाला?" कुणीतरी हसलं. अनसूयाबाई उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि पायऱ्या उतरून गेल्या.

"गाडीत काईच बोलली नाई," भाऊ म्हणाले. "घरी आल्यावर भिंतीवरचा आरसा काढला. तुम्ही धरता ना, तो तोच. मंग मी थेंबाचं सुरू केलं तवा म्हने, तुमचं काम करा त्याच्यावर."

मी म्हणालो, "पण भाऊ, मान कुठे आणि थेंब कुठे! याच्या निम्म्या वेगानंही वहिनींचा फोटो आला असता. तीन वर्षं कशाला घालवलीत?"

"माहीत हाय ना मले." त्यांनी बादलीतलं पाणी पायावर ओतलं. "पन ती एकच खेप बसन, गुरुजी. माह्या हातून चुकला, अन् फोटोत तिचं तोंड फराटलं, तं दुसऱ्या खेपेले कोनत्या तोंडानं म्हनू बैस म्हून?"

बाईंना बसा म्हणायला त्यांना आणखी तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात म्हणाले, रीळ जुनं आहे. दुसऱ्यात आभाळ आलं. तिसऱ्यात काहीच कारण नव्हतं, आणि मी तसं बोललो तर माझ्यावरच चिडले.

शेवटी एका सकाळी, मी शाळेसाठी निघत होतो, तेव्हा अनसूयाबाई म्हशीला वैरण टाकून अंगणातून येत होत्या. भाऊ कॅमेरा घेऊन उभे होते. भिंगापुढची सुतळी सोडलेली होती.

"ऐकलं का. इथी बैस जराशी."

बाईंनी कॅमेरा पाहिला आणि जागच्या जागी थांबल्या. "मी नाई बसत."

"नको बसू. उभी राय."

"लोकायले दाखवाले पायजे का तुमाले? थेंब दाखवला, आता मले दाखवा."

"कोनालेच नाई दाखवत."

"माही मान हालते, तुमाले मालूम नाई का?"

"हालू दे ना," डोमाजीभाऊ म्हणाले. दवाखान्यात म्हाताऱ्यांशी बोलायचे त्याच साध्या आवाजात. "हाल, जेवढं हालाचं हाय तेवढं. बोलत बी राय. मले काई फरक नाई पडत."

बाईंनी हातातलं वैरणीचं टोपलं बाजूला ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. सकाळचं ऊन बरोबर तोंडावर येत होतं. मान हलत होती. "काढाचं तं लवकर काढा," त्या म्हणाल्या, "चूल इझून राह्यली तिकडं, अन् हे गुरुजी शाळा सोडून तमाशा पाह्यतेत..."

कळीचा आवाज झाला. एकदाच. भाऊंनी दुसरा काढला नाही.

मी त्या दिवशी शाळेत काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी आलो तर दोघं ओसरीवर होते. बाईंच्या मांडीवर ओला कागद होता आणि हातात भिंग. फोटोत त्या माझ्याकडे, म्हणजे फाटकाकडे, जरा रागानं बघत होत्या. ओठ उघडे, कपाळावर वैरणीची एक काडी. प्रत्येक केस वेगळा मोजता आला असता.

"म्हतारी झाली मी," त्या म्हणाल्या.

"काडी काढाले पायजे होती," भाऊ म्हणाले.

"राहू द्या." त्यांनी पुन्हा भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. "माह्या मायवानी दिसतो मी. मले मालूमच नव्हतं." आणि मग उठून आत गेल्या. त्या दिवशी स्वयंपाकाला फार उशीर झाला.

त्या उन्हाळ्यात राजुऱ्याहून बाईंच्या भावाचं पत्र आलं. मुलीचं लग्न होतं. दरवर्षी असं काही पत्र यायचं आणि भाऊ उत्तरात 'तब्येत बरी नाही' असं लिहून टाकायचे. यंदाही ते दौत घेऊन बसले. आतून बाई म्हणाल्या, "येतो म्हून लिहा."

भाऊंना रजा मिळाली नाही. लग्नसराईत गावोगाव हगवण लागलेली, दवाखाना रोग्यांनी भरलेला. बाई एकट्याच निघाल्या, चांद्याला भाचा उतरवून घेणार होता. आम्ही दोघं मोटारीपाशी पोचवायला गेलो. त्या खिडकीशी बसल्या. शेजारच्या बाईनं त्यांच्या मानेकडे पाहिलं, पाहतच राहिली. अनसूयाबाई तिला म्हणाल्या, "तापानं झालं. तुमी कोनत्या गावच्या?" मोटार सुटली तेव्हा दोघींचं बोलणं चाललं होतं.

त्या आठ दिवसांनी परतणार होत्या. पहिल्या दिवशी भाऊंनी मला जेवायला बोलावलं. भात खालून करपला होता आणि वरून कच्चा होता. आम्ही मधला मधला जेवलो.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाजारातून येत होतो, तर डोमाजीभाऊ मोटारीच्या थांब्यावर चिंचेखाली उभे. धुतलेला सदरा, पायात वहाणा, हातात छत्री.

"भाऊ, वहिनी तर रविवारी येणार ना?"

"रविवारी येते. माहीत हाय."

"मग?"

"काई नाई. मोटार टाइमावर येते का नाई, ते पाहून राह्यलो."

मी त्यांच्याशेजारी थांबलो. धूळ उडवत मोटार आली. माणसं उतरली, गाठोडी उतरली, एक शेळी उतरली. मागून ड्रायव्हर उतरून पाणी प्यायला गेला. भाऊंनी रिकाम्या मोटारीत एकदा डोकावून पाहिलं.

"येते बराबर," ते म्हणाले, आणि आम्ही घराकडे निघालो.